निंबाची पानं आणि एक डोळा

ये गं हर्षाली, अशी आत ये. जवळ बस. दाराच्या चौकटीत पाहुणीसारखी उभी राहू नकोस. तू इथे नाहीस, धुळ्याला तुझ्या घरी आहेस, हे मला कळतं. अजून तेवढी भ्रमिष्ट झाले नाही मी. पण समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय मला लिहिताच येत नाही, त्याला काय करू? आणि आज तुला थोडं रागवायचंही आहे. पाच आखाज्या झाल्या, तुझं तोंड दिसलं नाही. दरवर्षी आखाजीला धुळ्याहून चोपड्याला माहेरी जातेस, ती अमळनेरवरून परस्पर निघून जातेस. जळगाव वाटेत पडत नाही, ठाऊक आहे मला. पण वाटेत पडलं तरच माणसानं माणसाकडे जायचं, असं कुणी शिकवलं तुला? मी तर नाही शिकवलं.

बाकी वाचणाऱ्यांना सांगते, म्हणजे गोंधळ नको. हर्षाली माझ्याकडे चित्र शिकायला यायची. चोपड्याच्या केळीवाल्या घरातली पोर, कॉलेजसाठी इथे जळगावला पिंप्राळ्यात मामाकडे राहायची, आमच्यापासून चार घरं सोडून. मी शिकवते ती लघुचित्रं. तळहाताएवढ्या कागदावर राण्या, हत्ती, मोर, पाण्यानं भरलेले ढग. मी स्वतः कुठल्या शाळेत हे शिकले नाही. लहानपणी धुळ्याला आमच्या गल्लीतल्या एका मारवाडी घरानं देवघराची चित्रं काढायला राजस्थानातून एक म्हातारा चितारी बोलावला होता. उन्हाळाभर मी त्याच्या दारात बसून राहिले. त्यानं मला शिकवलं नाही आणि हाकललंही नाही. जाताना रंग कालवायचा एक शिंपला दिला आणि एकच वाक्य बोलला, "आँख सबसे आख़िर में, बेटी. आँख खुली, तस्वीर पूरी." माणूस काढायचा, दागिने काढायचे, झाड-पान-पाखरू सगळं काढायचं आणि डोळा शेवटी उघडायचा. मग त्या चित्राला हात लावायचा नाही. तेवढंच माझं शिक्षण. उरलेलं सगळं लग्नपत्रिकांच्या पाठीवर हात झिजवून आलं.

आता पुन्हा उन्हाळा आलाय. निंबाचा मोहोर गळून गेला, बारीक हिरव्या लिंबोळ्या धरल्यात. सकाळी नऊलाच रस्ता पांढरा पडतो. कूलर भरभरतो आणि त्यातून गरमच वारा येतो. आमच्या कामाचा हा वैरी ऋतू. शिंपल्यातला रंग कालवता कालवता वाळतो. पंखा लावावा तर कागद उडतो, न लावावा तर कपाळावरचा घाम टपकन राणीच्या घागऱ्यावर. म्हणून आखाजीच्या आधीच्या महिन्यात शिकवणी सकाळी सहाला. पोरी जांभया देत यायच्या, शिंपल्याखाली ओलं फडकं घालून बसायच्या. पण एका गोष्टीला हाच ऋतू लागतो. कागदाला. खळ लावून चार-पाच कागद एकावर एक चिकटवायचे आणि कडक वाळवायचे, मग गुळगुळीत दगडानं घोटघोट घोटायचे. त्याला वसली म्हणतात. आरशासारखी झाली पाहिजे. त्याच दिवसांत कुरडया-पापड. आमच्या गच्चीवर एका खाटेवर पापड आणि दुसऱ्या खाटेवर वसली. माझी सून योगिता गच्चीवरून ओरडायची, "आई, आज कोणती खाट तळायची?"

योगिताबद्दल लिहायला बसलेय आणि कागदाबद्दलच बोलतेय बघ. असंच होतं.

योगिता शिरपूरची. आईवडील दोघंही तिच्या लग्नाआधीच गेलेले, काकांनी लग्न लावून दिलं. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या नि आमरस खातात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला गल्लीतल्या सगळ्या सुना पिशव्या घेऊन रिक्षात बसल्या. ही आपली ओट्याशी सांजोऱ्या लाटत राहिली. मान खाली. मी भूषणला, म्हणजे माझ्या मुलाला, बाजारातून दोर आणायला लावला आणि अंगणातल्या निंबाला झोका बांधला. समोरची मथुराकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सूनले सासरमा झोका? बठ्ठी गल्ली हासी ऱ्हायनी, अक्का!"

मी म्हटलं, "हासू दे. मन्हा निंब, मन्हा झोका, मन्ही सून."

योगिता पिठाच्या हातानं बाहेर आली. आधी रडली. मग झोक्यावर उभी राहून असा झोका चढवला की मीच खालून "हळू, हळू" ओरडायला लागले. संध्याकाळी मथुराकाकूही येऊन दोन झोके घेऊन गेली, ते वेगळं.

ती चित्र काढत नसे. पण तिच्या नजरेतून चित्र सुटत नसे. एकदा माझ्या एका राणीकडे बघून म्हणाली, "आई, हिला सासरी जेवायला देत नाहीत का? कंबर बघा, बांगडी घालता येईल." तू हसून हसून शिंपला लवंडवलास, आठवतं? गेरूचा डाग अजून आहे त्या फरशीवर. गॅसवर भाजी शिजतेय, मांडीवर तिची लेक ओवी पीत झोपलीय, आणि ही एका हातानं माझा गेरू वाटतेय, असं आमचं घर. शिकवणी कुठे संपते आणि स्वयंपाक कुठे सुरू होतो, हे आम्हालाही कळायचं नाही.

आणि तो कुंचला. ओवी वर्षाची झाली तेव्हा तिचं जावळ काढलं. योगितानं त्यातले चिमूटभर केस काडेपेटीत ठेवले आणि मला आणून दिले. "आई, खारीच्या शेपटीचे केस आता वापरू नयेत म्हणता ना, हे चालतात का बघा." जावळाच्या केसाला कधी कात्री लागलेली नसते. टोक असं असतं की डोळ्याला दिसत नाही, कागदालाच कळतं. मी ते दोऱ्यानं बांधून कबुतराच्या पिसाच्या नळीतून ओढून काढले. माझ्या उभ्या आयुष्यात तसा कुंचला झाला नाही. तो फक्त डोळे काढायला वापरायचा, असं मी ठरवलं. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर, म्हणून तुलाही तो धरू द्यायची. इतर पोरींना नाही. कुढायच्या बिचाऱ्या.

पुढच्या वर्षी पौषात योगिताला जिना चढताना दम लागायला लागला. मग अंगावर निळे डाग. नाशिकला नेलं. रक्ताचा आजार निघाला. फाल्गुनात डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. ते कोणत्या आवाजात म्हणाले हे भूषणनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओवी तेव्हा अडीच वर्षांची. आईच्या डोक्यावरचे केस गेलेले बघून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "माझं पण जावळ."

घरी आल्यावर चार दिवसांनी योगिता म्हणाली, "आई, तुम्ही जगातल्या सगळ्या राण्या काढल्यात. आता माझं चित्र काढा. झोक्यावरचं. फक्त ती कंबर नको."

काढायला घेतलं. आमच्या चित्रात चेहरा एका बाजूनं असतो, म्हणून डोळा एकच. झोका काढला, दोराचा पीळ न् पीळ काढला. तिची पोपटी साडी, वाऱ्यानं मागे गेलेला पदर. केस काढले, पहिल्यासारखे, कमरेपर्यंत. हे सगळं चैत्रातच झालं. राहिला फक्त डोळा. आणि मला त्या म्हाताऱ्याचं वाक्य आठवायला लागलं. डोळा उघडला की चित्र पुरं. पुरं झालं की हात लावायचा नाही.

हर्षाली, मी शिकलेली नसले तरी अडाणी नाही. रक्ताचा आजार चित्रानं अडत नाही, हे मला कळत होतं. तरी मी पानं काढायला लागले. निंबाची. एका डहाळीला दहा, तिच्यामागे आणखी दहा, त्यात उजेडाकडची पिवळी, सावलीतली काळपट, एक किडीनं खाल्लेलं. रोज सकाळी ठरवायचं, आज ही फांदी. ती संपायच्या आत दुसरी फांदी सुचायची. निंबाला पानं किती असतात? मला हवी होती तितकी. पलंगावरून योगिता बघायची आणि म्हणायची, "आई, हा निंब आहे की सातपुडा?" मी म्हणायची, झाड गच्च पाहिजे, नाहीतर तुला ऊन लागेल. ती हसायची. खोकला यायचा, मग थांबायची.

आखाजीला दोन दिवस होते. तू नेहमीसारखी सहाला आलीस. दुसऱ्या पोरी गावी गेल्या होत्या. मी आत सांजोऱ्यांची कणीक मळत होते. आता मागे वळून बघते तर त्या सकाळचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. कोकीळ ओरडत होती, कूलरमधल्या ओल्या गवताचा वास येत होता, मथुराकाकूच्या रेडिओवर बाजारभाव चालले होते. कणकेच्या हातानं मी बाहेर आले. तू पाठ ताठ करून, श्वास धरून बसली होतीस. हातात जावळाचा कुंचला. आणि चित्रातून योगिता बघत होती.

मी तो डोळा एक क्षण पाहिला. एकच. तरी सांगते, तसा डोळा मी कुणाचा बघितला नाही. पुस्तकातला, मासोळीसारखा लांबट, कानापर्यंत गेलेला डोळा नव्हता तो. पापणी जराशी जड, जागरण झाल्यासारखी. बुबुळ खाली झुकलेलं. आणि कोपऱ्यात ती आत्ता आपली काहीतरी खोड काढणार आहे, असं काहीतरी. ते तू कशानं आणलंस मला माहीत नाही.

मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुला? कुणी? पुरं करायची एवढी घाई झाली? तिला पाठवायची घाई झालीय का तुला?"

तू आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलंस फक्त, तिथे योगिता गोळीच्या गुंगीत झोपली होती. आणि मी, पन्नास वर्षं कागदाला जपणारी बाई, मी कणकेच्या ओल्या अंगठ्यानं तो डोळा पुसला. घोटलेल्या कागदाची चकाकी गेली, लव उठली, नखाएवढा पांढरट डाग राहिला. तू उठलीस. मोरीवर कुंचला धुतलास. ओठांवर ओढून त्याचं टोक नीट केलंस, आडवा ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलीस. तेवढ्यातही कुंचला नीट ठेवून गेलीस.

आखाजीला झोका बांधला. योगिताला झोक्यावर बसवेना, म्हणून खुर्ची निंबाखाली ठेवली, आणि तिनं एका हातानं झोक्याचा दोर धरला. रिकामा झोका हलवत बसली. ओवीला त्यावर बसवलं. आमरसाचे दोन चमचे घेतले. मग म्हणाली, "आई, माझं चित्र दाखवा."

मी दाखवलं. काय करणार होते? तिनं ते मांडीवर घेतलं, उन्हाकडे तिरपं धरलं. बराच वेळ बघितलं. त्या डागावरून बोट फिरवलं, हलकंच, ओवीच्या खरचटलेल्या गुडघ्यावरून फिरवायची तसं. आणि म्हणाली, "पानं छान झालीत, आई."

थोड्या वेळानं विचारलं, "हर्षू नाही आली आज?"

"चोपड्याला गेली असेल घरी," मी म्हटलं.

"हो. आखाजी आहे ना."

त्यानंतर आठ दिवस होती.

दहाव्याला तू आईबरोबर आलीस. दाराच्या चौकटीत उभी राहिलीस, आत आली नाहीस. तुझी आई माझ्याजवळ बसून म्हणाली, "अक्का, पोर घरमा काहीच बोलत नही." मी पाहिलं तुझ्याकडे आणि मान फिरवली. मला वाटत होतं, माझं दुःख मोठं, मला मान फिरवायचा हक्क आहे. मग तुझं कॉलेज संपलं, लग्न झालं. पत्रिका आली होती. माझ्या माहेरच्या गावी तू सासरी गेलीस. त्या पत्रिकेच्या पाठीवर मी हत्ती काढला, पण लग्नाला आले नाही.

आता आखाजीला आमच्याकडे योगिताची घागर भरतात. पाण्याची मातीची घागर, वर खरबूज, सांजोरी, आंबा. गेलेल्या माणसांना उन्हाळ्याची तहान लागते म्हणून. भूषण भरतो. वाडवडिलांच्या घागरींच्या रांगेत ती एक तरणी घागर. मी तिच्याकडे बघत नाही, आमरसाकडे बघते.

ओवी आठची होत आली. माझ्याकडेच शिकते, चार मुलींबरोबर. रंग वाटताना तोंडाचा चंबू करते, अगदी आईसारखा. मोबाईलमध्ये आईचे फोटो तिनं शंभरदा बघितलेत; पण फोटोत योगिता उन्हानं डोळे बारीक केलेली नाहीतर हसून मिटलेली. चित्र ट्रंकेत असतं, मलमलीत गुंडाळलेलं. लहान होती तेव्हा तिनं विचारलं होतं, "आजी, आई डोळे मिटून झोका घेते का?" मी हो म्हटलं. इतकी वर्षं हो म्हणत आले. या खेपेस मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, तिनं चित्र ट्रंकेतून काढून वर आणलं आणि सरळ विचारलं, "पण ती उघडणार कधी?"

भूषण तेवढ्यात वर आला होता, गच्चीच्या दारातच बूट काढत होता. त्यानं वाकून चित्र बघितलं. त्यानं ते कधी धड बघितलंच नव्हतं. ट्रंकेकडे पाठ करून बसायचा. म्हणाला, "आई, हर्षालीनं डोळा काढला होता ना? उन्हानं उडाला का?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत, तिनं काढला ते?"

"योगितानंच सांगितलं होतं तिला. मी होतो तिथे. म्हणाली, आई हा डोळा उघडायच्या नाहीत. त्यांना वाटतं, पानं काढत राहिलं की मी राहीन. तू उघड, मला बघायचाय. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस त्यांना, लागेल त्यांना."

मी पापड तसेच टाकून खाली येऊन बसले. मथुराकाकू विचारून गेली, "कसं शे, अक्का? ऊन लागनं का?" मी म्हटलं, हो, ऊन लागलं.

तू शब्द दिला होतास तिला गप्प राहायचा. आणि तू राहिलीस. मी तुला काय काय बोलले, तरी राहिलीस. पुढे पाच वर्षं राहिलीस. आणि ती? तिला त्या दिवशी चित्रात डोळा असणार हे माहीत होतं. ती तोच बघायला मागत होती. तिनं डाग बघितला, माझा अंगठा ओळखला असणार. आणि मला काय म्हणाली? पानं छान झालीत. हर्षाली, मी ते इतकी वर्षं कौतुक समजत होते गं.

मी प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. उरलेल्या वसलीवर डोळे काढून बघितले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता पांढरं निळसर दिसतं, आणि हात बारीक रेघेला थरथरतो. पण अडतं ते हातापाशी नाही. सगळे डोळे सुंदर येतात, कुठल्यातरी राणीचे. तो डोळा येत नाही. मी तो क्षणभर पाहिला आणि पुसला. तू तो काढला आहेस. तुझ्या हाताला तो माहीत असेल.

म्हणून ये. तुला माफ करायला बोलवत नाही मी, तेवढी निलाजरी नाही. माफी मला मागायची आहे, आणि ती कागदावर मागून होत नाही. चित्राच्या पाठीमागून डागाची जागा मी चार दिवस घोटतेय, लव बसली आहे. पुरती आरशासारखी नाही, पण रेघ धरेल. काजळ धरून ठेवलंय. जावळाचा कुंचला तू ठेवलास तसाच होता, वाळ्याच्या काडीसोबत, कसर लागलेली नाही. ओवीला सांगितलंय, एक ताई येईल. ती विचारत होती, ताईला झोक्यावर बसता येतं का.

आखाजीचा दिवस तुझ्या आईचा, तो तिला दे. दुसऱ्या दिवशी ये. सकाळी सहाला, गार असतं तेव्हा. मी पंखा बंद ठेवीन, आत कणीक मळत बसेन आणि तू हाक मारल्याशिवाय बाहेर येणार नाही. जळगाव वाटेत पडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ये.